गुरव मास्तरांचा चौथा ठोका

रियाध, ८ डिसेंबर २०१७, शुक्रवार

टक्. टक्. टक्. आणि मग काहीच नाही.

हुसेनमियाँ, सलाम. पत्राची सुरुवात अशी केली म्हणून चिडू नकोस. आज सकाळी थंडीने जाग आली तेव्हा कानात हेच वाजत होतं. गुरव मास्तरांच्या डस्टरची लाकडी पाठ, टेबलाच्या कडेवर. बाहेर खाडीला भरती लागलेली, तरीवाला पलीकडच्या माणसांना हाका मारतोय, आणि आत आपला चौथीचा वर्ग एका सुरात:

नाव निघाली पल्याड दूर,
मागे राहिला खाडीचा सूर.

'नाव'वर एक ठोका, 'निघाली'वर दुसरा, 'पल्याड'वर तिसरा. 'दूर' आलं की मास्तर डस्टर हवेतच धरायचे. त्या रिकाम्या जागेत सगळा वर्ग श्वास घ्यायचा. गावात उर्दू शाळा नव्हती हे आपलं केवढं नशीब, नाहीतर ही कविता कुठून मिळाली असती? मी उंच म्हणून शेवटच्या बाकावर, खिडकीशी. तू बुटका, मास्तरांच्या टेबलाला नाक लावून. आणि तरी तुझं म्हणणं, की 'दूर'वर चौथा ठोका होता.

अकरा वर्षं झाली त्याला. सुलैच्या गोडाऊनमागच्या आपल्या खोलीत, सगळ्यांच्या देखत तू म्हणालास, "जमाल, तुझ्या आठवणीत पाणी मिसळलंय." आणि आठवड्याभरात बॅग भरून मदिन्याला निघून गेलास. ठोक्यावरून कोणी बिऱ्हाड हलवत नाही, एवढं मलाही कळतं. हॉटेलातली ती चादरी-टॉवेलांची नोकरी तू आधीच हेरून ठेवली होतीस, हा माझा संशय तेव्हाही होता, आजही आहे. असो. ते उकरायला हे पत्र लिहीत नाही.

मग कशाला लिहितो? सहज. थंडी आहे, वेळ आहे. गोडाऊनमधून सध्या थोडी रजा घेतली आहे, गुडघ्यांसाठी. रफीककडेच असतो, हारा वस्तीतल्या घरात. ज्याला तू खांद्यावर घेऊन उरुसात फिरवलंस तो रफीक आता इस्पितळातली मशिनं दुरुस्त करतो आणि मला वेळेवर औषध घेतलं का म्हणून दरडावतो. सून मैमुना महाडची. हाताला चव आहे, जिभेला धार आहे. नात सहर दहा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, भांडायचं असलं की हिंदीत येते.

तिच्या शाळेतली निम्मी पोरं यंदा गावाला गेली. बायकापोरांमागे दर महिन्याची सरकारी फी बसली, त्यात दुकानं-कचेऱ्यांतून आपली माणसं काढून सौदी पोरं बसवायचा कायदा. ज्याने त्याने आपापलं बिऱ्हाड परत धाडलं. वर्ग रिकामा झाला म्हणून बाईंनी सहरला मागून पहिल्या बाकावर आणलं. परवा मला म्हणते, "दादाजान, अब तो टीचर धीरे से जो बोलती है ना, वो भी सुनाई देता है." मी म्हटलं, चांगलं आहे, लक्ष दे.

घरात मी एक पद्धत घातली आहे. दाराच्या घंटीची तार काढून टाकली. घरच्या माणसाने दार मास्तरांच्या तालात वाजवायचं. तीन ठोके, मग थांबायचं. दुसरं कसंही वाजलं तर टीव्ही बंद करायचा आणि कोणी जागचं हलायचं नाही. रफीक म्हणाला, "अब्बा, घरात शाळा भरवलीत का?" पण वाजवतो. का, ते विचारू नकोस. दिवस असे आहेत.

एक माणूस चार दिवस आमच्या जिन्यात दिसतोय. मेंढीच्या कातड्याचा तो इथला फरवा पांघरलेला, तोंडही निम्मं झाकलेलं. वर बघतो, खाली बघतो, जातो. थंडीत कोणी विनाकारण जिन्यात उभं राहत नाही.

पत्र मैमुनाकडे देतोय. गुरुवारी बथ्याच्या बाजारातून मक्का-मदिन्याला उमऱ्याची बस सुटते, बसवाल्याकरवी रफीक पोचवील. उत्तर नाही आलं तरी चालेल.

जमालुद्दीन


रियाध, २२ डिसेंबर २०१७

हुसेन,

उत्तर नाही. माझा पहिला संशय बसवाल्यावर, दुसरा तुझ्यावर, तिसरा घरातल्यांवर. मैमुनाने माझ्या हातून पाकीट घेतलं तेव्हा तुझं नाव वाचून ती एक क्षण थांबली होती. तुझं नाव या घरात कोणी काढत नाही, म्हणून असेल. किंवा नसेल.

आधी एक दुरुस्ती. माझे गुडघे ठणठणीत आहेत. आपली कंपनी सरकारी यादीत लाल पट्ट्यात गेली. जितके सौदी कामावर हवेत तितके नाहीत, त्यामुळे आमच्यापैकी कोणाचाच राहण्याचा परवाना, इकामा, नवा होत नाही. माझा रमझानच्या सुमारास संपला. म्हातारा कफील, कंपनीचा मालक, असता तर त्याने चार ठिकाणी उठबस करून काहीतरी केलं असतं. तो गेला. त्याचा मुलगा फोनवर "बुकरा, बुकरा" करतो. त्याचा उद्या काही उजाडत नाही. माझ्या खुर्चीवर हम्माद नावाचं एक पोर बसवलंय. पोर वाईट नाही, पण आल्या आल्या खुर्चीवर उशी टाकली म्हणे. मी इतकी वर्षं लाकडावर बसलो.

तर म्हणून ते ठोके. इमारतींमधून तपासणीवाले फिरतात, कागद बघतात. मी जुम्म्यालाही जात नाही. घरीच नमाज पढतो आणि खिडकीच्या फटीतून मशिदीतून परतणारी माणसं बघतो. आकाश किती निळं असतं रे इथं थंडीत. आपल्याकडे पौषात खाडीवर धुकं बसायचं आणि तर दिसायच्या आधी वल्ह्याचा आवाज यायचा. इथं सगळं लांबून दिसतं, ऐकू काहीच येत नाही.

आता घरातलं. लिहू की नको असं झालंय, पण सांगायला दुसरं आहे कोण.

मंगळवारी माझी तपकिरी बॅग कपाटावरून खाली आली. मैमुना म्हणाली, धूळ पुसायला. धूळ पुसून झाली, बॅग वर गेली नाही. बुधवारी रफीक मला खालच्या फोटोवाल्याकडे घेऊन गेला. अंधार पडल्यावर, मफलर गुंडाळून, चोरासारखं. पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढले. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "असू देत अब्बा, तुमचा एक नीट फोटो घरात नाही." फोटो कुठे आहेत? घरात तर नाहीत.

आणि मैमुना फोनवर बोलते ती स्वयंपाकघरात, धूर बाहेर टाकायचा पंखा लावून. काही शिजत नसताना पंखा. मी पाणी प्यायला गेलो की "बरं, ठेवते" म्हणते. कोणाशी बोलत होतीस? "अम्मीशी." अम्मीशी बोलताना ही "जी, जी" कधीपासून करायला लागली?

काल भाकऱ्या थापता थापता विचारते, "अब्बा, गावच्या घराची चावी कोणाकडे असते?"

"शेजारच्या शरफुन्निसाकडे. का?"

"सहज."

'सहज' हा शब्द मीच तुला पहिल्या पत्रात वापरला होता. त्यामुळे त्याचा मला काडीचा भरवसा नाही.

हुसेन, ते घर तुला आठवतं. माजघरात दिवसाही दिवा लागतो. बिलकिस होती तोवर सुट्टीत गेलो की ती आधी सगळ्या खिडक्या उघडायची, मग मला आत घ्यायची. ती गेल्याला सहा वर्षं होतील. तेव्हा कफीलाने मला जायचा कागद दिला नाही आणि तुझा फोन आला नाही. हे मी लिहिणार नव्हतो.

त्या घरात हे लोक मला एकट्याला नेऊन ठेवणार. दुसरा काही अर्थ निघतो का? तू सांग.

जमाल


रियाध, ५ जानेवारी २०१८

हुसेन,

थंडीने ओठ फुटलेत. तेलाचा हीटर हॉलमध्ये एकच, त्याच्याभोवती आम्ही चौघं मांजरांसारखे बसतो. बाहेरच्याला वाटेल काय सुखी कुटुंब. मी मात्र एकेकाचा चेहरा वाचत असतो.

सोमवारी दार वाजलं. टक्, टक्, टक्, आणि थांबलं. बरोबर ताल. मैमुना आंघोळीला, सहर शाळेत, रफीक कामावर. मला वाटलं रफीक लवकर आला. कडी काढली तर दारात कोणी नाही. जिन्यात तो फरवावाला, आणि त्याच्या पलीकडे पाठमोरा घरमालक. दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी दार लावलं आणि कडी दोनदा चाचपून बघितली.

ताल बाहेर गेला कसा? सहर शाळेतून आली तशी तिला समोर बसवलं. मैत्रिणींना शिकवलास ना? ती आधी इंग्रजीत नाही म्हणाली, मग रडायला लागली आणि हिंदीत आली.

"मैंने किसी को नहीं बताया, दादाजान. मैं तो वो वाली बात भी नहीं बता रही."

"कुठली वो वाली?"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हुसेन, दहा वर्षांच्या पोरीला या लोकांनी आपल्यात घेतलंय.

फरवावाल्याचं कोडं संध्याकाळी सुटलं. रफीकने खाली विचारलं. तो घरमालकाचा मेहुणा. इमारतीतली इतकी बिऱ्हाडं गेली की रिकाम्या खोल्यांना कुलपं लावायची जबाबदारी त्याला दिली आहे. आणि दार वाजवलं होतं समोरच्या केरळी डॉक्टरच्या मुलाने. रोज भिंतीपलीकडून आमचा ताल ऐकून त्याचा पाठ झाला, वाजवून पळाला. रफीक हसत होता. मी नाही हसलो. ज्याला कान आहेत त्याला आपलं दार उघडता येतं, हे कळल्यावर हसायचं कसलं?

रात्री माझा बिस्किटांचा डबा काढला. माझा पासपोर्ट त्यात असतो. डब्यात बिलकिसचा फोटो होता, शाळेची जुनी कवितांची पानं होती, पासपोर्ट नव्हता.

मी कोणाला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि मग त्या उत्तराचं काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा ती पाटी कोरी बरी.

आपण एकोणऐंशी साली आलो तेव्हा सांताक्रूझच्या विमानतळावर माझा पासपोर्ट तू धरला होतास आणि तुझा मी. कारण आपापला हरवेल ही भीती, दुसऱ्याचा मात्र जपला जातो. तिथेच म्हणालास, जाऊ तेव्हाही दोघं जाऊ. मी हे विसरलेलो नाही. तुझ्या आठवणीत काय काय मिसळलंय ते तू बघ.

हे पत्र मैमुनाच्या हाती द्यायचं की नाही ठरत नव्हतं. शेवटी दिलं. बाकी माणूस कोण आहे मला? तिने पाकीट घेतलं आणि या वेळी थांबली नाही. जणू वाटच बघत होती.

जमाल


रियाध, १४ जानेवारी २०१८, रविवार

हुसेन,

उघडं पडलं सगळं.

परवा शुक्रवारी जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याचं कालवण आणि वर कांदा. एवढं माझ्या आवडीचं ताट वाढलं तेव्हाच मी सावध झालो. पहिला घास गेला आणि रफीक म्हणाला, "अब्बा, खलास. आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही."

पासपोर्टची मुदत संपली होती, तो वकिलातीत नवा व्हायला दिलाय. फोटो त्यासाठी. लाल पट्ट्यातल्या कंपन्यांच्या माणसांना कफीलाच्या सहीशिवाय कायमचं परत जाता येईल अशी सोय कामगार कचेरीने करून दिली आहे. महिनाअखेरपर्यंत मी स्वतः जाऊन अंगठा द्यायचा. दिला की तिकीट. नाही दिला तर जिन्यातले पाय ऐकत बसायचं, जन्मभर.

मी म्हणालो, म्हणजे मला घालवताय. रफीकने मान खाली घातली. मैमुना म्हणाली, "एकट्या तुम्हाला नाही. मी आणि सहर पण जातोय."

हे मला माहीत नव्हतं. फीचं ओझं झेपत नाही आता. सहरचं वर्ष संपलं की मैमुना तिला घेऊन महाडला, आपल्या अम्मीकडे राहील, तिथे शाळा बघितली आहे. रफीक दोन मल्याळी पोरांबरोबर एका खोलीत जाईल. हीटर कोणी न्यायचा यावरही बोलणं झालेलं होतं. या घराचे तुकडे करून झाले होते, फक्त मला दाखवायचे राहिले होते.

हीच होती सहरची ती 'वो वाली बात'. तिला आपली मैत्रिणींपासून होणारी ताटातूट माहीत होती आणि दादाजानला सांगायची नाही म्हणून ती एकटी गिळत होती. मी तिच्यावर डाफरलो होतो.

मैमुना म्हणाली, महाडला चला. मी म्हणालो, मुलाच्या सासरी जाऊन पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसणं आमच्यात झालेलं नाही. गावात चार माणसं काय म्हणतील? ती म्हणाली, मग गावच्या घरी राहा, मी दर आठवड्याला येत जाईन. मी म्हणालो, त्या घरात मी एकटा पाय ठेवणार नाही. आणि अंगठाही देणार नाही. पकडून नेऊ देत.

तेव्हा तिची धार निघाली. "पकडून नेलं तर हातात बेड्या घालून विमानात बसवतात अब्बा. तेव्हा म्हणा कविता. ठेका धरायला हात मोकळा राहणार नाही."

रफीक म्हणाला, "मैमुना, पुरे."

"पुरे कसं? ह्यांना विचारा, एकटं जायचं नाही तर कोणाबरोबर जायचंय."

मी म्हणालो, "ठरलं होतं तसं."

"कोणाशी ठरलं होतं? नाव घ्या ना."

मी घेतलं नाही. भाकरी ताटात गार होत होती. मग ती एकदम हळू आवाजात जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहितो. "बिलकिसअम्मीच्या चाळिसाव्याला हुसेनचाचा मदिन्याहून गावी गेले होते. तुम्हाला जाता आलं नाही म्हणून तुमच्या वाटचं त्यांनी केलं. कबरीवर यासीन पढले, घराच्या सगळ्या खिडक्या उघडून दोन दिवस राहिले आणि आले तसे गेले. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यांचं नाव काढू देत नव्हता."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "ज्यांना सांगायचं त्यांनी सांगितलं."

यात काहीतरी पाणी मुरतंय. महाडच्या मुलीला आमच्या गावच्या खिडक्या कशा माहीत? कोणाशी 'जी, जी' चालतं पंख्याआड? रफीकने पत्रं खरंच पाठवली का? की तिने वाचून, त्यातलं वेचून, मला बोलतं करायला ही गोष्ट रचली? ती तेवढी हुशार आहे. पण खिडक्यांचं मी तुला लिहिलं ते बिलकिसचं लिहिलं होतं. तू उघडल्यास हे मी कुठे लिहिलं?

गेला होतास का, हुसेन? हो की नाही, एवढंच कळव. एका शब्दाला पोस्टकार्डाचा कोपरा पुरतो.

गेला असलास तर बैठकीच्या खिडकीचा बिजागर नीट बसला का? तिथून पावसाचं पाणी येतं.

जमाल


रियाध, १९ जानेवारी २०१८, शुक्रवार

हुसेन,

उत्तर नाहीच. आता संशय घ्यायचाही कंटाळा आला म्हणणार होतो, पण आज या घरात जे चाललंय ते बघून मी खुर्ची उचलून थेट बाहेरच्या दाराशी आणून ठेवली आहे. चपलांच्या कपाटावर वही ठेवून लिहितोय. या दारातून कोणी आत येईल किंवा मला कोणी बाहेर नेईल तर माझ्या नजरेखालून.

ऐक. पहाटेपासून मैमुना सांदणं करतेय. चार माणसांना लागतात तेवढी नाहीत. वाटीमागून वाटी वाफेवरून उतरतेय, नारळाच्या दुधाचा वास जिन्यात गेला असणार. हॉलमध्ये हीटरजवळ एक जादा गादी पसरली, तिच्यावर नवी चादर. मी विचारलं, कोण येणार? रफीक म्हणाला, कोणी नाही, थंडी आहे ना. थंडीला गादी कशाला लागते, हुसेन? पांघरूण लागतं.

माझा अंदाज असा. एजंट येणार. गोड बोलून, जेवूनखाऊन, उद्या मला गाडीत घालून अंगठ्याला नेणार. माझी तपकिरी बॅगही बघितली मी. भरलेली आहे. माझे स्वेटर, बिलकिसचा फोटो, ती कवितांची पानं, सगळं नीट घडी करून. बांधणाऱ्याने जीव लावून बांधली आहे, हे कबूल करतो. पण तरी बांधली आहे.

दुपार झाली. बाहेर वारा सुटलाय, धूळ खिडकीवर वाळूसारखी आपटते. नमाज झाली, माणसं घरोघर गेली. रफीक सकाळी कुठेसा जाऊन आला, तेव्हापासून दर थोड्या वेळाने फोन बघतोय. सहर हीटरशी अभ्यासाला बसली आहे. तिला मी काल आपली कविता शिकवली. अर्थ विचारला तिने. पल्याड म्हणजे काय? मी म्हटलं, नदीची किंवा खाडीची पलीकडची बाजू. म्हणाली, "मतलब, किस साइड से?" म्हटलं, जिथे आपण नसतो ती बाजू. एवढी वर्षं इथे काढली, मला ती बाजू म्हणजे कायम गाव वाटत आलं. आता अंगठा दिला की इथलं हे घर पल्याड होणार, ही पोरगी पण.

मी हे सगळं भीतीने लिहितोय असं तुला वाटेल. वाटू दे. अंगठ्याची भीती नाही रे. विमानाची नाही. गावात उतरून शरफुन्निसाकडून चावी घेईन, कुलूप काढीन, आणि आत गेल्यावर 'आलो' म्हणून सांगायला कोणी नसेल. तेवढंच आहे बघ. दोघं असतो तर एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं.

थांब.

दार वाजलं.

टक्. टक्. टक्.

आपला ताल. पण रफीक इथे सोफ्यावर आहे. सहर हीटरजवळ. मैमुना स्वयंपाकघराच्या दारात. घरातली चारही माणसं घरात आहेत. डॉक्टरचं ते पोर असेल म्हणावं तर ते बिऱ्हाड बुधवारीच गेलं, समोरच्या दाराला कुलूप मी स्वतः बघितलं.

नियमाप्रमाणे रफीकने टीव्ही बंद केला. नियमाप्रमाणे कोणी जागचं हलत नाही. मी लिहितोय, कारण लिहिण्याचा आवाज होत नाही.

मैमुना घाबरलेली दिसत नाही. ओढणी तोंडावर धरून उभी आहे, डोळे भरलेत. सहरने पुन्हा दोन्ही हात तोंडावर ठेवलेत. विचित्र म्हणजे दाराकडे कोणीच बघत नाहीये. तिघंही माझ्याकडे बघताहेत.

पुन्हा वाजलं. तेच तीन. पलीकडचं माणूस दमलेलं आहे, दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास ऐकू येतो. दाराला टेकून उभं असावं. आता 'दूर'ची जागा आली. मी सवयीने थांबलो, श्वास घेतला.

आणि त्या जागेत लाकडावर काहीतरी टेकलं. नुसतं बोटाचं टोक, डस्टर हवेतून खाली येऊन अलगद टेकावं तसं. मी दाराला लागून बसलोय म्हणून ऐकू आलं. शेवटच्या बाकापर्यंत ते कधीच पोचलं नसतं.

हे पत्र आता बसने पाठवायला नको. कडी मीच काढतो.